कडवटपणाचा लवलेश नाही

माझी थोरली बहीण विनी हिच्या स्वयंपाकघरात रेडिओ उजाडल्यापासून चालू असतो. देशभर ऐकू जाणारं बोलण्याचं स्टेशन. गाणी जवळजवळ नाहीतच. पहाटे दुधाचे भाव, मग एखाद्या मंत्र्याची उलटतपासणी, मग बायकांच्या गप्पा, नाटक, खलाशांसाठी समुद्राचं हवामान. स्टॅन गेल्यापासून तिला घरात माणसाचा आवाज लागतो. स्टॅन म्हणजे तिचा नवरा. आमच्या थॉर्नली गावच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसच्या भुकटीत त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली आणि शेवटी श्वासाला मोताद होऊन गेला. आमच्या गल्लीत तसा तो एकटाच नव्हता.

त्या मंगळवारी मी सकाळीच तिच्याकडे गेले, कारण बंद पडलेल्या कारखान्यांवरच्या कार्यक्रमात विनी बोलणार होती. टोबी नावाचा निवेदक आणि इमोजेन नावाची निर्माती मागच्या महिन्यात लंडनहून येऊन गेले होते. तिच्या टेबलाशी बसून अख्खी दुपार त्यांनी रेकॉर्डिंग केलं. मी तिथेच होते. विनी म्हणाली होती, "साहेबांना सगळं ठाऊक होतं. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना तोंडाला बांधायला मास्क द्यायचे. आमच्या माणसांना नाही दिले. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही."

टोबीने मान डोलावली होती. डोळेही पुसले होते मेल्याने.

बातम्या संपल्या, कार्यक्रम लागला. आधी पियानो. मग विनीचा आवाज: "स्टॅन घरी यायचा तेव्हा बर्फातून चालत आल्यासारखा पांढराफटक दिसायचा. मी हसायचे." परत पियानो. आणि टोबी मऊ आवाजात म्हणाला, "विनीच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नाही. आहे ती फक्त एका हरवलेल्या काळाची ओढ."

झालं. पुढे कुठल्यातरी कापडगिरणीतली बाई बोलायला लागली.

विनी टोस्टला लोणी लावत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"डोरीन, मी एवढंच बोलले होते?"

"नाही."

"मास्कचं बोलले होते ना?"

"बोललीस. दोनदा बोललीस."

"मग याने माझ्या तोंडात ओढ कुठली घातली? कपडे झटकत मी हसायचे, कारण ती भुकटी जीव घेते हे मला माहीत नव्हतं. तेच तर सांगत होते मी याला."

तिने लगेच स्टेशनला फोन लावला. एका मुलीने तक्रार नोंदवून घेतली आणि उत्तराला काही आठवडे लागतील म्हणाली. "संध्याकाळी कार्यक्रम परत लागणार आहे," विनी म्हणाली, "मला आठवडे नकोत." मुलीने आभार मानले आणि फोन ठेवला.

बायकांच्या कार्यक्रमात कोणीतरी जुन्या पाककृती सांगत होतं. त्यानंतर बगळ्यांवर एक लांबलचक कार्यक्रम झाला. विनी बसली नाही. बटाटे सोलत राहिली, चौघांना पुरतील एवढे. मी म्हटलं, "अगं, पुरे." ती म्हणाली, "तू गप्प बस."

दुपारी श्रोत्यांच्या फोनचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी विषय होता, औषधाच्या दुकानात न मिळणारी औषधं. विनीने नंबर फिरवला. तिकडून विचारलं, काय सांगायचंय? "शेवटच्या दिवसांत माझ्या नवऱ्याच्या दुखण्याचं औषध गावात मिळत नव्हतं," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. तिला थांबायला सांगितलं, आणि मग निवेदिका म्हणाली, "थॉर्नलीहून विनी. बोला."

विनीने औषधाचं एका वाक्यात उरकलं. मग म्हणाली, "आता त्याला ते दुखणं कशाने झालं तेही सांगते. आज सकाळी तुमच्याच स्टेशनवर माझ्या मनात कडवटपणा नाही असं सांगितलं गेलं. आहे. भरपूर आहे. कारखान्याच्या साहेबांनी पाहुण्यांना मास्क दिले आणि माझ्या नवऱ्याला नाही. हे मी तुमच्या माणसाला सांगितलं होतं. ते त्याने कापून टाकलं आणि पियानो लावला."

निवेदिका मध्येच म्हणाली, "विनी, कारखान्याची बाजू मांडायला इथे कोणी नाही, तेव्हा—"

"सकाळी माझी बाजू मांडायलाही कोणी नव्हतं, बाई."

तिथे फोन तोडला. पण बोलून झालं होतं.

नाटक चालू असताना इमोजेनचा फोन आला. विनीने मलाही ऐकू येईल असा धरला.

"विनी, मला खरंच वाईट वाटतंय. वेळेअभावी काही भाग..."

"बगळ्यांना पाऊण तास मिळाला."

"तसं नाही. आमच्या वकिलांनी ते वाक्य काढायला सांगितलं. कारखान्याची कंपनी ज्यांनी विकत घेतली ते कोर्टात जातील म्हणून."

"मग तसं सांगायचं. घाबरलो म्हणायचं. मी कडू नाही असं कशाला सांगितलंत? ते तर वकिलाने नव्हतं ना लिहून दिलं?"

विनी उत्तरासाठी थांबली नाही.

"हे बघ पोरी, माझं वाक्य लावा, नाहीतर आम्हा दोघांची नावं काढा. स्टॅनचं नाव घेऊन मला गोड करायचं नाही."

संध्याकाळी विनोदी कार्यक्रम संपला आणि आमचा पुन्हा लागला. पियानो तसाच होता. पण टोबीचं ते वाक्य नव्हतं. त्या जागी विनीचा आवाज आला, मास्कचं सगळं, आणि शेवटी "करणारही नाही." त्यामागोमाग टोबीने कंपनीच्या नव्या मालकांचं निवेदन वाचलं: कामगारांच्या सुरक्षिततेला आम्ही नेहमीच सर्वोच्च महत्त्व देत आलो आहोत.

मला वाटलं होतं, आता तरी तिचा राग उतरेल. मी म्हटलंसुद्धा, "लावलं की गं त्यांनी."

"लावलं," विनी म्हणाली. "आणि शेवटी बोलायला त्या नालायकांना दिलं."

शेजारच्या आयडाचा फोन आला. तिचा नवराही त्याच भुकटीने गेला. इतक्या वर्षांत ती त्यावर कोणाशी बोलली नव्हती. विनीने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रडू नकोस आयडा. चिडायला शीक. आपण रडलो की ते लोक खूश होतात. उद्या माझ्याकडे ये, त्या नव्या मालकांचं ऑफिस कुठे आहे ते आपण बघू."