दुबारचं फोल्डर

"भागवतभाऊ, डोणगाव तुम्ही काऊन नाकारलं?" बदल्यांच्या परिपत्रकात त्याच्या नावापुढे 'नकार' वाचून शेजारच्या टेबलावरच्या नीरजाने विचारलं, तेव्हा भागवतच्या हातातला चहाचा कप तोंडाशीच थांबला.

"म्या? म्या कधी नाकारलं?"

नाकारेल कसा तो? सहा वर्षं हा माणूस डोणगावच्या बदलीसाठी जीव टाकत होता. तिथे त्याची आई, सरस्वतीबाई, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. शेजारीण मनकर्णाबाई पाजेल तेव्हा पाणी, वळवेल तेव्हा कूस. आणि मुलगा इकडे दुसऱ्या तालुक्यात, कचेरीची आवक-जावक बघत.

या कचेरीत वरून येणारी ईमेल दोनदा यायची. एक सगळ्यांच्या यादीवरून, एक ज्याच्या त्याच्या नावावर. पन्नाशीतल्या भागवतने कुणालाही न विचारता सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक नियम बसवून दिला. विषय तोच असला की यादीवरची मेल 'परिपत्रके'मध्ये, नावावरची 'दुबार'मध्ये. दुबार उघडायचं नाही, शनिवारी सरळ रिकामं करायचं. सबंध नोकरीत अभिमान बाळगावा अशी त्याची हीच काय ती एक गोष्ट. हाताखालच्या प्रज्वलला तर त्याने शेजारी बसवून ती शिकवली होती.

आता त्याने दुबार उघडलं. मंगळवारची मेल होती. विषय तोच, मजकूर तोच, फक्त तळाला एक ओळ जास्त. डोणगावची जागा आपणास देऊ केली आहे, गुरुवारपर्यंत संमती न आल्यास नकार समजला जाईल. आज शुक्रवार होता.

न वाचलेली मेल ठळक दिसते. ही ठळक नव्हती. बुधवारी भागवत आईला दवाखान्यात न्यायला रजेवर होता, आणि त्याच्या खुर्चीत प्रज्वल बसला होता.

"प्रज्वल, तू वाचली होती हे?"

"हाव," प्रज्वल मान वर न करता म्हणाला.

"मंग सांगतलं काऊन नाई मले?"

"तुम्हीच तर म्हणता भाऊ, दुबारमधलं पाहाचं नसते. अन् डोणगावच्या बदलीसाठी तुमच्यामागं माझंच नाव होतं. म्या कायले सांगू?"

साहेब हसले. "भागवतराव, तुमच्याच नियमाने तुमचा निकाल लावला की." सगळी कचेरी हसली. नीरजाही हसली. भागवतही थोडा हसला, कारण न हसून करतो काय.

संध्याकाळी प्रज्वलच्या डोणगावच्या बदलीचा आदेश आला. तोही दोनदा. आवकमध्ये त्याची नोंद भागवतनेच केली.

शनिवारी साहेबांनी आठवण करून दिली, "दुबार रिकामं करा बरं का."

भागवत एकेक मेल उघडत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, मग पुसत बसला. मंगळवारची मेल समोर असतानाच मनकर्णाबाईचा फोन आला.

"भागवत, माय इचारून राह्यली. बदलीचं काही आलं का बाप्पा?"

"नाई काकू," पुसायचं बटण दाबत तो म्हणाला. "अजून काही आलं नाई म्हना तिले."