सासऱ्यापुढं थुंकायचं नाही

दुर्गाबाईंचं ठाम मत होतं की आजारही माणूस पाहून येतो. जो भितो त्याच्याच मानगुटीवर बसतो. त्या कशालाच भीत नव्हत्या आणि धावडा गावात त्यांच्या शब्दापुढं जायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे घास छातीत अडकू लागला तेव्हा त्यांनी सगळा दोष ज्वारीला दिला. भाकरी आधी आमटीत कुस्करली, मग दुधात. तीही अडायला लागली, अंगावरचं लुगडं सैल झालं, तेव्हा मुलगा बद्रीनाथ हट्टाला पेटला आणि त्यांना जालन्याला घेऊन गेला.

डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली, आतला तुकडा तपासायला पाठवला. निकाल आला: अन्ननलिकेचा कॅन्सर. बद्रीनाथ रिपोर्टचा कागद पुन्हा पुन्हा वाचू लागला. दुर्गाबाईंनी मात्र डॉक्टरांचीच उलटतपासणी सुरू केली.

"कॅन्सर तोंडाला व्हतो म्हन्त्यात. ह्यो मधेच कसा?"

"तोंडापासून खाली सगळी एकच वाट आहे, बाई. जठराला होतो, आतड्यालाही होतो. कारणं ठिकठिकाणची वेगळी, कधी सापडतही नाहीत. पण तुमचे दात काळे दिसतात. मिश्री लावता?"

"लावते की. आमच्यात समद्याच लावत्यात."

"थुंकता की गिळता?"

एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो, याचं दुर्गाबाईंना नवल वाटलं. "सासरा ओसरीवर बसल्याला असतो. त्याच्यापुढं सून थुंकंल का? गिळायचंच."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं तंबाखूचं पाणी याच नळीतून गेलंय. गाठ लहान आहे, औरंगाबादला ऑपरेशन करता येईल. मिश्री मात्र आजपासून बंद."

"मंग करू की," दुर्गाबाई म्हणाल्या, जणू बैल बदलायचा होता.

परतीच्या जीपमध्ये बद्रीनाथ डोळे पुसत होता आणि त्याच त्याला धीर देत होत्या. भोकरदन मागं पडलं आणि त्यांना एकदम सून आठवली. उषाही मिश्री लावायची. तीही गिळायची. हे वळण त्यांनीच लावलं होतं आणि चारचौघींत मिरवलंही होतं. स्वतःच्या गाठीला न घाबरलेल्या दुर्गाबाई आता मनापासून घाबरल्या.

घरी पोचल्या तेव्हा उषा दारात मिश्रीनं दात घासत उभी होती. ओसरीवर दुर्गाबाईंचे मालक, रखमाजी, बसले होते.

"उषे, थुंक."

उषानं सासऱ्याकडं पाहिलं, पदर पुढं ओढला आणि सवयीनं घोट गिळायला गेली.

"गिळू नगं म्हन्ते ना! त्यानंच मला कॅन्सर झालाय. थुंक, अन् पुन्हा लावू नगं."

रखमाजींचा चेहरा उतरला. सुनेला संकोच नको म्हणून ते उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"तोंड फिरवू नका," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमच्या म्होरंच थुंकू द्या तिला. न्हाई तर उद्या पुन्हा गिळंल."

रखमाजी वळले. "थुंक, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले.

उषा वाकली आणि सासऱ्यादेखत अंगणात थुंकली. दुर्गाबाईंनी स्वतः तांब्या भरून तिच्या हातात दिला आणि तिची चूळ भरून होईपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.