मी नाही, जहाज खोटं बोलत होतं

मित्रांनो, मी एक जुना चुंबकमापक आहे. बिघडलेला नाही, हे आधीच सांगतो, कारण तसा आळ माझ्यावर एकदा आला आहे. आज महाडला नासिर खलाशाच्या पडवीत पडून असलो, तरी माझी उमेदीची वर्षं समुद्रात गेली. सर्वेक्षणाच्या जहाजामागे लांब केबलला बांधून मला पाण्यात सोडत आणि मी तळाखालच्या खडकांचं चुंबकत्व मोजत असे.

१९९८ साली एका सफरीत माझे आकडे जुळेनात. जहाज उत्तरेला गेलं की एक आकडा, त्याच रेषेवरून दक्षिणेला परतलं की दुसरा. सफरीचे मोठे साहेब म्हणाले, "यंत्र गेलं. बंदरात पोचलो की भंगारात टाका." माझा संताप झाला. एवढं लोखंडी धूड माझ्यापुढे आपलं चुंबकत्व मिरवत चाललंय, त्याला कोणी जाब विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पोलादपूरच्या सरिताताई जहाजावर शास्त्रज्ञ होत्या. "साहेब, आधी जहाज तपासू, मग यंत्र," त्या म्हणाल्या. साहेबांनी डिझेलचं रडगाणं गायलं, पण ताई हटल्या नाहीत. समुद्रातल्या एकाच जागेवरून त्यांनी जहाज आठही दिशांना न्यायला लावलं. जहाजाचं तोंड फिरलं की माझा आकडा बदले. खडक तर जागचे हलले नव्हते.

पण फरक इतका मोठा कसा? ताई मागच्या डेकवर गेल्या. अर्धीअधिक केबल रिळावरच होती. ती सोडण्याचं काम नासिरचं.

"मच्छीमारांची जाळी हायत ना ताई," तो ओशाळून म्हणाला. "अडकला असता तर परत मिळाला नसता. म्हणून नजरेसमोर ठेवला."

"जपलंत खरं, नासिरभाई. पण जहाजाला इतका चिकटून राहिला तर हा जहाजच मोजणार."

नासिरने सगळी केबल सोडली. मी लांब गेलो आणि आकडे जवळ आले. दिशेगणिक उरलेला थोडा फरक ताईंनी हिशेबातून वजा केला. साहेबांनी भंगाराचा हुकूम मागे घेतला. माफी मात्र मागितली नाही.

पुढे नवीन यंत्र आलं म्हणून मला काढलं, तेव्हा नासिरने मला मागून घरी आणलं. शेजारी हसतात. हसोत बापडे. मित्रांनो, आकडा आवडला नाही म्हणून माप फेकू नका. आधी आपलं लोखंड किती ते पाहा. माझं म्हणाल, तर मला आजही समुद्रात सोडा. फक्त केबल पुरती सोडा.