शिवेवरची खाट

आमच्या चर्चमध्ये मोठ्यानं आमेन म्हणायचं काम माझ्याकडे आहे. हसू नका, ही खरोखरीची नोकरी आहे. पाद्र्यानं प्रार्थना संपवली की चर्चचा कारकून म्हणून आधी मी आमेन म्हणायचं आणि माझ्यामागून गावानं. एकेचाळीस वर्षं म्हणतोय, माझ्याआधी माझा बाप म्हणायचा. आवाज असा की मागच्या बाकावर घोरणारा शेतकरी दचकून उठेल. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, "एनॉक, तुला कुणी कानाखाली वाजवली तरी तू आधी आमेन म्हणशील!" तेव्हा मी हसायचो. आता ते आठवलं की स्वतःचीच कीव येते.

चर्चच्या मागं दगडी खोल्यांची एक ओळ आहे. सहा खोल्या, प्रत्येकीला चूल, खिडकी आणि दारापुढं गुलाबाचं झाड. आमचे जुने पाद्री हॉलवेलसाहेब मरताना सगळी मिळकत देऊन गेले, त्यातून गावातल्या निराधार म्हाताऱ्या बायकांसाठी त्या बांधल्या. पाच भरल्यात. तिसरी रिकामी आहे, तिची किल्ली माझ्या खिशात असते.

हॉलवेलसाहेब वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर गाव मला जोड्यानं मारेल, आणि ते खोटंही होईल. तापाची साथ आली तेव्हा डॉक्टर पुलापलीकडे थांबून औषधाच्या बाटल्या पाठवायचा, आणि हा माणूस घराघरात शिरून रोग्यांना चमच्यानं सूप पाजायचा. बायको नाही, पोरंबाळं नाहीत. पण चांगल्या माणसानंही एखाद्या दिवशी पायांत चांगले बूट घालावेत एवढंच माझं म्हणणं आहे. सगळं त्या बुटांपायी झालं.

आमच्याकडे दर वसंतात शीवफेरी निघते. पाद्री पुढं, हातात सालं काढलेली काठी घेऊन मी त्याच्या शेजारी, आणि मागं सगळं गाव. गावची शीव जिथून जाते तिथूनच चालायचं. ओढा आला तर ओढ्यातून, गोठा आला तर गोठ्यातून. शिवेच्या दगडावर काठी मारायची, म्हणजे हद्द लोकांच्या ध्यानात राहते. आमच्या आणि शेजारच्या कोटन गावाच्या मधली शीव नेमकी टॅमझिन बॅरो नावाच्या बाईच्या बापाच्या झोपडीतून जायची, अगदी त्याच्या खाटेवरून. त्यामुळं दर वर्षी आख्खी मिरवणूक त्याच्या एका खिडकीतून आत आणि समोरच्या खिडकीतून बाहेर! म्हातारा खाटेवर बसून ओरडायचा, "चादर मळवू नका रे हरामखोरांनो!" टॅमझिनची आई सगळ्यांना सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, आणि मांसाची करंजी द्यायची. गावात थट्टाच होती, बॅरोचं डोकं आमच्या गावात झोपतं आणि पाय कोटनात. टॅमझिन त्याच खाटेवर जन्मली.

तेहतीस वर्षांपूर्वीच्या शीवफेरीला पाऊस झोडपत होता. हॉलवेलसाहेबांचे बूट फुटलेले, पायमोजे भिजून चिंब, वर संधिवात. बॅरोच्या खिडकीपाशी आलो तर ते थांबले आणि मला म्हणाले, "एनॉक, आज खिडकीतून उडी मारायचं वय राहिलं नाही रे. या बाजूनं बाहेरूनच जाऊ, काय?"

मी काय म्हणालो असेन? "आमेन, साहेब!" सगळे हसले. आम्ही झोपडीच्या आमच्याकडच्या अंगानं, वाटेनं निघून गेलो, म्हणजे झोपडी सगळीच्या सगळी शिवेबाहेर पडली. आत टॅमझिनच्या आईनं करंज्या मांडून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. फेरीच्या वहीत मी लिहिलं की फेरी परंपरेप्रमाणे झाली आणि खाली सही ठोकली.

त्याच आठवड्यात सरकारचा नकाशेवाला आला. त्यानं वही पाहिली, चिखलातले आमच्या पायांचे ठसे पाहिले आणि त्यांवरूनच रेघ ओढली.

म्हाताऱ्या बॅरोनं पुढच्याच हिवाळ्यात अंथरूण धरलं. निराधाराला त्याच्याच गावानं पोसायचं असा कायदा. आमचं गाव म्हणालं, तो कोटनचा. कोटन म्हणालं, आमचा कधीपासून? मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, ती रेघ चुकली आहे. आपणच चुकवली."

त्यांनी शेगडीत एक लाकूड सारलं. "नकाशा आता छापून झाला, एनॉक," म्हणाले. "आणि गावावर तसंही गरिबांचं ओझं फार झालंय."

बॅरो कोटनच्या कंगालखान्यात मेला, निराधारांना कोंडून राबवतात तिथं. त्याची बायको त्याच्यामागं. टॅमझिन नुकतीच विधवा होऊन माहेरी आली होती, तिला साहेबांनी स्वयंपाकाला ठेवून घेतलं. गाव म्हणालं, काय हा दयाळू माणूस! मीही म्हणालो. तोंडाला सवयच तशी.

एकतीस वर्षं ती बाई त्या घरात राबली. त्यांच्या कॉलरी धुतल्या, सूप रांधलं. ते सूप ते गावभर वाटत फिरायचे आणि दुवा त्यांना मिळायचा. शेवटी शेवटी त्यांच्या पायांची नखंसुद्धा तिनंच काढली. खोल्यांचा नकाशा पलंगावर पसरून ते तिला दाखवायचे. "टॅमझिन, ही तिसरी तुझी बघ. हिच्यात दुपारपर्यंत ऊन राहील." तिनं मला दहादा तरी हे सांगितलं असेल. खिडकीचे पडदे तिनं आधीच शिवून ठेवले होते, निळ्या चौकडीचे.

मग साहेब गेले आणि मृत्युपत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं, खोल्या या गावच्या शिवेत जन्मलेल्या बायकांसाठी.

खोल्या बांधून होईतो वर्ष गेलं, आणि मग आलेल्या नव्या पाद्र्यानं, क्रू साहेबानं, येताना आपली स्वयंपाकीण बरोबर आणली होती. टॅमझिनला महिन्याभरात घर सोडायचं होतं. एक तर तिसरी खोली, नाहीतर कोटनचा कंगालखाना, जिथं तिचा बाप मेला. मधलं काही नव्हतं.

ती माझ्या दाराशी आली. "एनॉक, तू तिथं होतास. तेवढं सांग त्यांना. तू सांगितलंस की होईल."

"सांगतो गं. काळजी करू नकोस."

"नुसतं हो हो करू नकोस हं. मी तुला ओळखते."

खोल्या कुणाला द्यायच्या ते ठरवणाऱ्या पंचांची बैठक चर्चमधल्याच छोट्या खोलीत भरली. क्रू साहेब, दुसरा पंच मेजर पॉलेट आणि नोंदी लिहायला मी. टॅमझिन अंगणाकडच्या बंद दाराबाहेर बाकावर, मांडीवर गाठोडं. मी उभा राहिलो. देवाशपथ, उभा राहिलो! आणि सगळं सांगितलं. पाऊस, बूट, खिडकी, वहीतली माझी खोटी सही. "शीव त्या खाटेवरूनच जायची," मी म्हणालो. "डोक्याकडची बाजू आपली, पायाकडची कोटनची."

मेजर खदखदून हसला. "मग तर प्रश्नच मिटला की, म्हातारबा! पोर काही डोक्याच्या बाजूनं जन्माला येत नाही. बाई कोटनचीच!"

क्रू साहेब लाजून लाल झाला, पण हसू त्यालाही आवरेना. मग त्यानं चेहरा गंभीर केला. माणूस तसा सभ्य आहे, सभ्य माणसांचीच मला हल्ली जास्त भीती वाटते. "एनॉक रडल," तो मला पूर्ण नावानं म्हणाला, "नकाशात झोपडी पूर्ण बाहेर आहे. आणि तुम्ही म्हणता, हॉलवेलसाहेबांनी शीव चुकवली?"

"होय साहेब."

"जरा या इकडे."

त्यानं मला हाताला धरून चर्चमध्ये नेलं, वेदीजवळच्या भिंतीपाशी. तिथं हॉलवेलसाहेबांची संगमरवरी पाटी आहे. "वाचा," म्हणाला.

मला वाचायची गरज नव्हती. पाटीवर काय कोरायचं ते गावानं मला विचारलं होतं आणि मी तीन रात्री जागून मजकूर जुळवला होता. माझ्या आयुष्यातलं एवढंच लिखाण, दगडावर गेलेलं. दर रविवारी मी बाहीनं पाटीवरची धूळ पुसायचो. तरी मी वाचलं. *अडतीस वर्षे गावची शीव त्यांनी स्वतःच्या पायांनी चालली, आणि एक पाऊलही चुकवले नाही.*

"हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"लिहिलं, साहेब. पण ते... तसं लिहायची पद्धत असते."

"मग खोटं कोणतं? हे, की आत्ता बोललात ते?"

मेजर मागून म्हणाला, "अरे, ज्या माणसाच्या जिवावर आपण पुण्य वाटतोय त्यालाच खोटा पाडायचा? तेही एका स्वयंपाकिणीसाठी?"

मी बोलायला हवं होतं. पाटी खोटी आहे, मी खोटारडा आहे, छिन्नी आणा, आत्ता फोडतो, असं ओरडायला हवं होतं. आम्ही खोलीत परतलो. क्रू साहेबानं नामंजूर असं म्हटलं आणि ते मीच, माझ्या हातानं, वहीत लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

बैठक संपताना प्रार्थना असते. क्रू साहेबानं हात जोडून डोळे मिटले. "हे प्रभू, गरिबांचा कैवारी असा तुझा सेवक आम्हाला दिलास, आणि त्याच्या इच्छेचं अक्षर न् अक्षर पाळण्याची बुद्धी आम्हाला दिलीस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो."

आणि तो थांबला. मेजरही थांबला. कुणाची वाट पाहत होते ते मला ठाऊक होतं. दार बंद होतं, पण खिडकीच्या काचेतून मला टॅमझिनचं गाठोडं दिसत होतं, त्यातून निळ्या चौकडीच्या कापडाचं टोक बाहेर आलेलं. मी ओठ घट्ट मिटले. खरंच मिटले होते.

"आमेन!"

खोलीच्या काचा थरथरल्या. तो आवाज माझा होता हे मला मागाहून कळलं.

मी बाहेर आलो तेव्हा ती उभी राहिली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"टॅमझिन," मी म्हणालो, "मी सांगितलं गं. सगळं सांगितलं."

"ते ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "दार जाड आहे. शेवटचं तेवढं ऐकू आलं." तिनं गाठोडं काखेत घेतलं. मी हात पुढं केला तर तिनं ते दुसऱ्या काखेत धरलं आणि कोटनच्या रस्त्याला लागली.