थरथरत्या पाटावर

पातूरच्या आबेदाबी म्हणजे हुकमी बाई. कापसानं पाठ फिरवली त्या वर्षांत आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी बायका त्यांच्याकडे शिवण शिकल्या आणि घरं तगवून राहिल्या. एका सकाळी कापड बेतताना त्यांचा डावा हात निसटला, पाठोपाठ डावा पाय. लकवा.

जीव वाचला. पण आता दुसऱ्यांनी उठवायचं, दुसऱ्यांनी बसवायचं. नवरा रऊफमिया शेतातून आले की त्यांना धरून अंगणात फिरवत. आबेदाबी ओठ घट्ट मिटून फिरत. लकव्यापेक्षा हे त्यांना जास्त लागे.

शेवटी दोघांनी अमरावतीला आबेदाबींच्या बहिणीकडे मुक्काम ठोकला आणि व्यायामोपचार सुरू झाले. तिथं संध्या नावाची तरुण फिजिओ होती, आणि एक नवं मशीन. जमिनीलगत जाड पाट, पुढं धरायला दांडी. बटण दाबलं की पाट थरथरे आणि ती थरथर तळव्यांतून थेट कमरेपर्यंत चढे.

"हे मले बरं करीन का वं?" आबेदाबींनी विचारलं.

"कोणाले फायदा होते खाला, कोणाले नाही," संध्या म्हणाली. "पाट हलला का पायाचे स्नायू आपोआप आवळतात. पण गुडघे वाकवून उभं तुमालेच राहा लागते."

गोडगोड बोलली नाही, हे आबेदाबींना आवडलं.

पहिल्या दिवशी दातांवर दात आपटले. दारातून रऊफमियांना बघवेना. "बस करो मॅडम, गिर जाएगी!"

"तुम बाहर बैठो जी," आबेदाबींनी दटावलं.

रोज त्या पाटावर चढत. डावा गुडघा मागं लचके, घाम फुटे, दांडी सुटता सुटत नसे. हळूहळू गुडघा धीर धरू लागला. पण दांडी सोडायची हिंमत होईना.

त्या दिवसांत भारनियमनाचा काही नेम नव्हता. एका दुपारी आबेदाबी गुडघे वाकवून पाटावर उभ्या असतानाच लाईन गेली. पंखा थांबला, पाट एकदम गप्प झाला. त्यांचा तोल डावीकडे गेला. संध्या धावली.

"हात नको लावू!"

संध्या जागीच थांबली. मशीन बंद होतं, तरी डावी मांडी लटलट कापत होती. आबेदाबींनी दात आवळले आणि सगळा भार त्याच पायावर टाकला. गुडघा दबला, पण मोडला नाही. मग त्यांनी एकेक बोट उचलत दांडी सोडली.

रऊफमिया दारात येऊन थिजले होते.

"अजी, देख लो," आबेदाबी म्हणाल्या. "लाईट नहीं है."

संध्याचे डोळे भरून आले. ते लपवायला ती खिडकी उघडायच्या निमित्तानं वळली.

परतताना ऑटोवाल्याला रऊफमियांनी ही हकीकत राजकमल चौक येईस्तोवर सांगितली. आबेदाबी ऐकत नसल्यासारख्या बाहेर बघत, ताठ बसून होत्या.

डावा हात नंतरही नीट चालला नाही, काठीही सुटली नाही. पण पातूरला परतल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी आबेदाबी भर रस्त्यातून आपल्या पायांनी चालत निघाल्या. दुकानदार उठून सलाम करत होते. मागं, आधाराला पुढं होणारे हात आखडून घेतलेले रऊफमिया, आपलीच वरात निघाल्यासारखे चालत होते.