वरिसै

डॉ. चारुलता मूळच्या साताऱ्याच्या. अर्धी नोकरी चेन्नईत, अड्यारच्या संस्थेत सरली, तरी तमिळ अंगाला लागलं नव्हतं. मराठी शुद्ध राहिली, याचं त्यांना समाधान होतं.

त्यांचा विद्यार्थी सेतुमाधव तंजावरी मराठी घरातला. त्याची मराठी बाई प्रेमाने दुरुस्त करत.

विषय बेडकांच्या पायांचा. कोणती जात कोणापासून फुटली, तो वंशवृक्ष एकीकडे. पायांची मापं दुसरीकडे. दोन्ही संगणकाला दिली की पाय कोणत्या वेगाने लांबत गेले, याचा अंदाज मिळतो. यंदा तो विलक्षण आला. एका शाखेवर पाय एकाएकी लांब झाले होते! बाईंनी ती आकृती भिंतीवर लावली.

सेतुमाधव म्हणाला, "मॅडम, वरिसै चुकली की."

"वारसा," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "वारसा चुकला, असं म्हणावं. आणि तो चुकत नसतो, बाळा."

त्याने वही मिटली.

आज चर्चासत्रात बाईंनी ती झेप सादर केली. एका म्हाताऱ्या तमिळ प्राध्यापकांनी विचारलं, "या शाखेवरचा बेडूक तर मातीत पुरून घेऊन राहतो. एवढे लांब पाय घेऊन तो करतो काय?" बाईंनी एक अवजड संज्ञा वापरून त्यांना खाली बसवलं. टाळ्या झाल्या.

सुट्टीत बाई रांग ओलांडून तडक कँटीनच्या खिडकीशी गेल्या, मागोमाग सेतुमाधव. आतून कँटीनवाली भवानी ओरडली, "वरिसै, मॅडम, वरिसै!"

"काय म्हणते रे ही?"

"ओळीनं या म्हणते," सेतुमाधव म्हणाला. "वरिसै म्हणजे ओळ. क्रम."

बाई थांबल्या. "म्हणजे त्या दिवशी तू..."

"वृक्षात जाती एका क्रमानं, मापं दुसऱ्याच. आपल्या प्रोग्रॅमनं नावं बघितलीच नाहीत, नुसती ओळ बघितली. झाडावरच्या बेडकाचे पाय मातीतल्याला गेले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की, मॅडम. तुम्ही शुद्ध केलंत."

बाई रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. कॉफी नको होती. तोंड कुठे तरी भिंतीकडे करायचं होतं. भारदस्त इंग्रजीत 'तांत्रिक विसंगती' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण सेतुमाधव मागेच उभा होता, आणि तो अजूनही त्यांना मॅडमच म्हणत होता.

दुपारच्या सत्राआधी त्यांनी माइक मागितला. सकाळची झेप मागे घेतली, चूक कुणी दाखवली होती ते सांगितलं, कुणी ऐकून घेतलं नाही तेही. मग क्रम चुकला हे सांगायला आयुष्यातलं पहिलं तमिळ वाक्य उच्चारलं, "वरसै तप्पु."

"वरिसै," म्हातारे प्राध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले. फार प्रेमाने.