कोकराचा सदरा

कडूबा आणि लताचं वाजलं होतं, तेही एका सुरीवरून. कार्डिफपासून तासाभराच्या या खेड्यात मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक माझं. भांडण झालं की पंच मीच, आणि पंचाचं कुणी ऐकत नाही.

लता इथल्या वृद्धाश्रमात कामाला आहे. कडूबा हिवाळाभर कुरणांत मोल पकडतो. मोल म्हणजे जमिनीखाली बोगदे करणारा, मुठीत मावेल एवढा काळा जीव. तो मातीचे ढीग वर काढतो आणि कुरण नासवतो. त्याचं मखमली कातडं गळाची खोटी माशी बनवायला मासे धरणारे हौशी लोक घेतात. एप्रिलात गवत वाढलं की हंगाम संपला. त्या दिवशी गारठ्यात, घोटाभर चिखलात कडूबानं आणि मी शेवटचे सापळे उपटून आणले, तर लता शेडच्या दारात सुरी घेऊन उभी. मागे फळीवर ठोकलेली कातडी तिनं पाहिली होती.

"मला म्हनले नुसते सापळे लावतो. आन् हे काय?"

"धंदा हाय लता. इथं कुनाला काय वाटत नाय."

"मला वाटतं. तुमच्या आज्यानं मेलेली ढोरं वढायचं सोडलं, सुरी फेकून दिली. गावानं वर्षभर पानी बंद केलं, तरी त्यो वाकला नाय. आन् तुम्ही इतक्या लांब येऊन पुन्हा त्येच करता?"

कडूबाला ते लागलं. मलाही लागलं, माझ्या आज्यानंही तशीच सुरी टाकली होती. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती होती.

"ठेव तुझ्यापाशी," कडूबा म्हणाला. "आजपास्नं नाय सोलनार."

तेवढ्यात कुंपणापलीकडून ग्वेन आली. कुरणं तिचीच, कडूबाचं निम्मं काम तिच्याकडे. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या काखेत थरथरणारं कोकरू, आणि पिशवीत एक मेलेलं. ती इंग्रजीत घाईघाईनं सांगू लागली. या कोकराची आई मेली, ते बाटली तोंडात घेत नाही. दुसऱ्या मेंढीचं पिल्लू सकाळी गेलं. मेल्याचं कातडं या जित्यावर चढवलं, तर मेंढी वासाला फसून दूध पाजेल. उशीर झाला तर हेही जाईल.

कडूबानं लताकडे पाहिलं. लता कोकराकडे बघत होती.

"तो नाही म्हणाला तर?" तिनं ग्वेनला विचारलं.

"नाही म्हणू शकतो की. मी काय जबरदस्ती करणार?"

 लतानं सुरी कडूबाच्या हातात दिली. "आज्याला असं कुनी इचारलं नवतं. करा, पन एवढंच."

कडूबानं कातडं सदऱ्यासारखं अखंड काढलं, पायांना चार भोकं ठेवली आणि कोकराला घातलं. आम्ही सगळे ग्वेनच्या गोठ्यात गेलो, तिथं मेंढीनं त्याची शेपटी हुंगली आणि ढुशी देऊन त्याला पाडलं. आम्ही पुन्हा उभं केलं, तिनं पुन्हा पाडलं. तिसऱ्यांदा ती नुसती उभी राहिली. कोकरू दूध ओढू लागलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

ग्वेन खुशीत हसली. "कडू, खाली नाल्यात एक मेंढी मरून पडलीय. जाता जाता ओढून फाटकाशी टाक ना. तुला या कामाची सवयच आहे."



"नो," कडूबा म्हणाला.

"अरे, पाच मिनिटांचं काम."

"नो, ग्वेन."

तिचा चेहरा उतरला. "बरं, पुढच्या हंगामाचं मग बघू," एवढं म्हणून ती पाठ फिरवून गेली. त्या 'बघू'चा अर्थ आम्हा तिघांनाही कळला.

घरी लतानं गरम पाण्याची बादली आणली. कडूबा हात पुढे करून बसला, आणि हात केव्हाच स्वच्छ झाले तरी ती पाणी ओतत राहिली.